आप्पांच्या तोंडात माझे दात

मंडळी, आमच्या दवाखान्यातलं एकही यंत्र माझ्याशिवाय हलत नाही! निदान त्या बुधवारपर्यंत मी असंच म्हणायचो. आणि चारचौघांत, छाती काढून म्हणायचो!

दवाखाना दातांचा. मी तिथे बावीस वर्षं आहे. फोन घेणं, वेळा देणं, खुर्चीत बसलेल्याच्या गळ्यात कागदी रुमाल अडकवणं ही माझी किरकोळ कामं. खरं काम प्लास्टरचं! लोकांच्या दातांच्या ठशात प्लास्टर ओतून मी जे साचे बनवायचो ना, ते बघून साक्षात दाताच्या मालकाला भरून यायचं.

पण गेल्या वर्षी आमच्या डॉक्टरबाईंनी नवं तंत्रज्ञान आणलं. बाई दवाखान्यात नव्या, वयाने मला मुलीसारख्या, उत्साहाने दहा मुलींएवढ्या! मार्कर पेनसारखी एक जाडसर कांडी आली. ती तोंडात फिरवली की कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरड्या उगवायला लागतात, अगदी गुलाबी, लुसलुशीत! शेजारी एक पेटी आली. ती थरावर थर चढवत अख्खी कवळी छापते. कवळी! छापते! लग्नपत्रिका छापावी तशी! प्लास्टरचं पोतं कोपऱ्यात गेलं, आणि त्याच्या शेजारी आता माझीही खुर्ची लागते की काय, अशी मला धास्ती वाटायला लागली.

मी चंगच बांधला. कंपनीचा माणूस दोन तास शिकवून गेला, मी वहीत सगळं लिहून घेतलं. "हिरवं बटण : चालू. लाल बटण : बंद." मग दुपारच्या सुट्टीत मी स्वतःचंच तोंड स्कॅन करून सराव करायला लागलो. अकरा वेळा केलं! माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांत आगकाडी उभी राहील एवढी फट आहे, आणि उजवा दात डाव्याकडे असा वाकलेला आहे, जसा बसमधला माणूस शेजाऱ्याच्या पेपरात डोकावतो. पडद्यावर ते दृश्य भिंतीएवढं दिसलं तेव्हा मीच दचकलो. पण स्कॅन झकास आला होता. मी फाइलला नाव दिलं, "घरचे १".

आता आप्पांबद्दल सांगतो. आप्पा म्हणजे माझे सासरे, राहतात आमच्याकडेच. वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचलेला माणूस! त्यांचा आवाज ऐकून लोक घड्याळं लावायचे. उच्चाराच्या बाबतीत तर त्यांच्याइतका कडक माणूस मी पाहिला नाही. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मुलीने काही विचारायच्या आधी आप्पांनी विचारलं, "जावईबापू... म्हणजे अजून झाला नाहीत, पण जरा 'संसार' म्हणा बघू!"

मी म्हटलं, "स्संस्सार."

फटीतून शिट्टी! आप्पांनी डोळे मिटले. लग्न झालं, पण गेली चोवीस वर्षं त्या माणसाने माझ्यासमोर बसून पूर्ण वाक्य कधी शांतपणे ऐकलेलं नाही. मी 'साखर' म्हटलं की त्यांची भुवई थरथरते. कुणी विचारलं, "जावई काय करतात?" की उत्तर ठरलेलं : "प्लास्टर कालवतात."

तर या आप्पांना त्या महिन्यात एक पत्र आलं. दृष्टिहीन मुलांच्या ग्रंथालयासाठी बारा गोष्टी रेकॉर्ड करायच्या होत्या, आणि वाचायला आप्पाच हवे होते. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मायक्रोफोन! आप्पा वीस वर्षांनी लहान झाले. न्हाणीघरातून सकाळ-संध्याकाळ गोष्टी ऐकू यायला लागल्या. आणि रेकॉर्डिंग तीन दिवसांवर आलेलं असताना त्यांची वरची कवळी बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले!

डॉक्टरबाईंनी मंगळवारी त्यांना लगेच खुर्चीत घेतलं. आधी रिकाम्या हिरड्या स्कॅन केल्या, मग तुकडे जोडून जुनी कवळी स्कॅन केली. "हिरड्यांवरून कवळीचं माप मिळतं," त्यांनी समजावलं, "आणि जुन्या कवळीवरून दातांची ठेवण. आहे तशीच ठेवण आली म्हणजे जिभेला सवय करावी लागत नाही." मी जुन्या कवळीच्या फाइलला नाव दिलं, "घरचे २". बाईंना त्याच दुपारी दंतवैद्यांच्या परिषदेला जायचं होतं. निघताना त्या म्हणाल्या, "काका, शुक्रवारी आल्यावर मी डिझाइन तपासते, मगच छापू. तोवर प्रिंटच्या बटणाला हात लावायचा नाही!"

"छे छे, मॅडम! हात कसला लावतोय!"

रेकॉर्डिंग गुरुवारी होतं. आप्पा शांतपणे म्हणाले, "हरकत नाही, मी तारीख पुढे ढकलायला सांगतो." तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर आज हे लिहायची पाळी आली नसती! पण चोवीस वर्षांचं प्लास्टर माझ्या घशात अडकलं होतं.

"आप्पा," मी म्हटलं, "बुधवारी संध्याकाळी कवळी तुमच्या हातात!"

"तुम्ही? तुम्हाला येतं ते?"

"आप्पा, अहो, मीच तर चालवतो सगळं!"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. भुवई थरथरली नाही. "शाब्बास!" ते म्हणाले. मंडळी, त्या एका शब्दासाठी मी प्रिंटचं बटण काय, विमानाचं बटण दाबलं असतं!

बुधवारी दवाखाना बंद. मी एकटाच. कॉम्प्युटरने हिरड्या मागितल्या, मी दिल्या. मग त्याने विचारलं, 'दातांची ठेवण कोणत्या फाइलवरून घेऊ?' मी घाईघाईत 'घरचे' शोधलं आणि पहिलं दिसलं त्यावर टिचकी मारली. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणे! एका शब्दाने विचारलं नाही, की बाबा रे, हे दात या म्हाताऱ्याचे कसे? पेटी घुमायला लागली. मी स्टुलावर बसून बोटाने मिशा पिळत होतो, आणि मला मिशा नाहीत!

कवळी निघाली, धुतली, निळ्या उजेडाखाली कडक केली, घासूनपुसून चकचकीत केली. हातात धरल्यावर ती मला फार ओळखीची वाटली. पण स्वतःच्या हाताने केलेली वस्तू ओळखीची वाटणारच की!

आप्पा आले. कवळी टाळूला अशी चपखल बसली, की टक् असा आवाज आला. आप्पा खूश होऊन माझ्याकडे बघून मनापासून हसले.

आणि मी आरशात बघत होतो!

तीच फट. तोच पेपरात डोकावणारा दात. माझं हसू, आप्पांच्या चेहऱ्यावर!

आप्पांनी आरसा घेतला. "जावईबापू, ही मध्ये फट कुठून आली?"

इथे खरं बोलायची वेळ होती. तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं? "आप्पा, हाच तर नवा ट्रेंड आहे! एकसारखे, पांढरेफटक दात आता जुने झाले. जगभर आता नैसर्गिक ठेवण चालते. थोडी फट, थोडा वाकडेपणा. त्याला... त्याला कॅरेक्टर म्हणतात!"

आप्पांनी एकदा जीभ फटीवरून फिरवली. मग आरसा खाली ठेवून म्हणाले, "ठीक आहे बुवा. तुम्ही या विषयातले जाणकार."

जाणकार! चोवीस वर्षांत पहिल्यांदा! जमीन दुभंगली असती तर मी कवळीसकट आत गेलो असतो.

संध्याकाळी जेवायला बसलो. आवाज उद्यासाठी राखून ठेवायचा म्हणून आप्पा न बोलता, नुसते हसत हसत ताट पुढे ओढत होते. माझी बायको त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "आप्पा, काय लपवताय?"

"मी? काही नाही!" आप्पा पुन्हा हसले.

"नाही कसं? असं हसू म्हणजे काहीतरी लपवलेलं असतंच! गॅसचं बिल हरवतं तेव्हा, माझी कुंडी फुटते तेव्हा, तुमच्या चष्म्यावर कुणीतरी बसतं तेव्हा..." ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. आप्पांकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. मी घाबरून हसलो. एका टेबलावर तेच हसू दोनदा!

"अहो, जरा स्वयंपाकघरात या."

आत गेल्यावर तिने दार लोटलं. "आप्पांच्या तोंडात तुम्ही काय करताय?"

"अगं, हळू! फाइल चुकली."

"आत्ता जा आणि सांगा!"

"उद्या रेकॉर्डिंग आहे गं. आत्ता सांगितलं तर त्यांचा धीर जाईल. कवळी घट्ट आहे, दिसायला बरी आहे..."

"बरी?" बायको म्हणाली. त्या एका शब्दात माझ्या रूपाबद्दलचं तिचं चोवीस वर्षांचं मत मला समजलं.

गुरुवारी मीच आप्पांना घेऊन स्टुडिओत गेलो. मनात म्हणत होतो, एक तासाचा तर प्रश्न आहे! रेकॉर्डिंग करणारी मुलगी मोठी गोड होती. आम्हा दोघांना बघून ती म्हणाली, "वडील आणि मुलगा ना? हसू अगदी सेम टू सेम!" आप्पांची भुवई थरथरली.

ते काचेपलीकडे बसले. कानांवर हेडफोन, समोर कागद, पाठ ताठ. लाल दिवा लागला. त्यांनी श्वास घेतला आणि तो घड्याळं लावायला लावणारा आवाज निघाला :

"स्सात शहाणे स्ससे स्सकाळी स्सरोवराकाठी जमले!"

मुलीने हात वर केला. "एक मिनिट, आजोबा. कुठूनतरी शिट्टी येतेय." तिने पंखा बंद केला.

"स्सात शहाणे स्ससे..."

तिने एसी बंद केला. मग मायक्रोफोन बदलला. मग वायर बदलली. मग खिडकीच्या फटीत कापड कोंबलं. फट! मला तो शब्दही ऐकवत नव्हता. स्टुडिओ भट्टीसारखा तापला, आणि सात ससे काही सरोवराकाठी जमेनात. सतराव्या वेळी तिने आपले हेडफोन काढले आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, रागावू नका हं. मला वाटतं, आवाज तुमच्याकडूनच येतोय."

आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं! त्यांनी कागद नीट जुळवले, हेडफोन टेबलावर अलगद ठेवले. "माफ करा. तुमचा फार वेळ घेतला मी."

घरी येताना टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत होते. तसेच बाहेर बघत म्हणाले, "जावईबापू, वय झालं माझं."

"छे, आप्पा..."

"नाही, खरंच. कवळी तुम्ही उत्तम केलीत. घट्ट बसते, दुखत नाही. माझी जीभच गेली. आयुष्यभर लोकांचे 'स' सुधारले. तुमच्याही मागे लागलो. आणि आज बघा." ते किंचित हसले. माझंच हसू! "ग्रंथालयाला उद्या पत्र लिहितो. कुणीतरी तरुण माणूस घ्या म्हणावं."

मी सांगायला तोंड उघडलं. उघडलं ना! आणि ड्रायव्हरला म्हटलं, "पुढच्या सिग्नलला डावीकडे." एवढं बोलून मी पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलो. मंडळी, मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी फजीत झालोय, पण स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

शुक्रवारी सकाळी न्हाणीघर गप्प होतं. फक्त नळाचा आवाज. नंतर आप्पा टेबलाशी बसून पत्र लिहायला लागले. बायकोने माझ्यासमोर चहाचा कप आपटला. मी उठलो. घसा खाकरला. आप्पांसमोर जाऊन उभा राहिलो.

"आप्पा, मला एक गोष्ट कबूल करायची आहे."

आणि फोन वाजला! डॉक्टरबाई! घाईघाईत कट करायला गेलो आणि स्पीकर लागला.

"काका!" खोलीभर आवाज घुमला. "मी परत आलेय. प्रिंटर कुणी चालवला? त्यात दिसतंय, की तुमच्या सासऱ्यांच्या हिरड्यांवर तुमच्या दातांची कवळी छापलीय! ती फट मी झोपेतही ओळखेन! ती त्यांना घातली नाहीत ना? काका? 'स' म्हणता येणार नाही त्यांना! काका?"

मी फोन बंद केला.

"मी आत्ता हेच सांगणार होतो," मी म्हटलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. वाचकहो, तुम्ही तरी विश्वास ठेवा!

आप्पांनी पेन खाली ठेवलं. कवळी काढून तळहातावर घेतली आणि तिच्याकडे निरखून पाहिलं. मग माझ्याकडे. बिनदातांच्या तोंडाने त्यांनी विचारलं, "म्हणजे ही फट माझी नाही?"

"नाही. माझी आहे."

"आणि शिट्टी?"

"तीही माझीच."

"माझ्या जिभेला काही झालेलं नाही?"

"काहीसुद्धा नाही, आप्पा. तुमची जीभ ठणठणीत आहे. चूक सगळी माझी. फाइल चुकली, ती घाईत. पण तुम्हाला ट्रेंड म्हणून सांगितलं, ते शुद्धीत. आणि काल टॅक्सीत गप्प बसलो, तेही शुद्धीत."

आप्पांनी पत्र उचललं, टराटरा फाडलं आणि म्हणाले, "सुटलो! मला वाटलं वय झालं! नुसता जावईच होता होय!"

ते इतके हसले की बायको घाबरून पाणी घेऊन आली. पाणी प्यायल्यावर मात्र त्यांना राग आला, आणि तो अगदी व्यवस्थित आला. "चोवीस तास! चोवीस तास मी स्वतःला म्हातारा समजत होतो! या वयात!"

मी मान खाली घालून ऐकलं. अर्धा तास ऐकलं. दात नसताना माणूस इतका वेळ, इतका स्पष्ट रागावू शकतो, हे मला बावीस वर्षांच्या नोकरीतही ठाऊक नव्हतं!

दवाखान्यात डॉक्टरबाई एकदाच बोलल्या, पण ते पुरलं. "काका, चूक माझ्याकडूनही होते. पण ती तोंडात घालून माणसाला घरी पाठवून, वर त्याचं कौतुक ऐकून घेणं, हे मला जमलं नसतं." मी प्लास्टरच्या पोत्याशेजारी जाऊन उभा राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप तिकडे गेले.

शनिवारी बाईंनी स्वतः नवी कवळी केली. स्टुडिओतल्या मुलीला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ती इतका वेळ गप्प होती, की मला वाटलं लाइन गेली. नंतर कळलं, बिचारी तोंडावर हात दाबून हसत होती. सोमवारी आप्पांनी बाराच्या बारा गोष्टी एका बैठकीत वाचल्या. सात ससे सरोवराकाठी असे जमले, की मुलीने काचेमागून टाळ्या वाजवल्या. ग्रंथालयाने आणखी बारा पाठवल्या आहेत.

महिन्याभराने आप्पा आपणहून म्हणाले, "खालची कवळीही जरा सैल झालीय. यंत्रावरच करून टाकू." मला गहिवरून आलं. एवढं होऊनही विश्वास!

मी त्यांच्या गळ्यात कागदी रुमाल अडकवला आणि खुर्चीशेजारी उभा राहिलो. डॉक्टरबाईंनी कांडी तोंडात घातली, पडद्यावर हिरड्या उगवायला लागल्या. आणि तेवढ्यात आप्पांनी माझा हात धरला! घट्ट! चोवीस वर्षांत कधी धरला नव्हता. माझे डोळे भरून आले. मी हललो नाही, नाक पुसलं नाही. पूर्ण स्कॅन होईपर्यंत सासरा आणि जावई हातात हात घालून होते.

कांडी बाहेर आली. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही माझा हात धरलात, यातच मला सगळं मिळालं. तुम्ही मला माफ केलंत."

"माफ?" आप्पा खुर्चीतून उठत म्हणाले. "तो हात बटणाकडे जाऊ नये म्हणून धरला होता!"